पहिली गोळी मिस्त्रीची

२ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचा! बस तीन तास उशिरा, ट्रंकेची कडी तुटलेली, आणि उतरलो तो नेमका चिखलात. पण मन इतकं हलकं झालंय की चिखलाचाही राग आला नाही. खोली दुकानाच्या वरच आहे. पलंग, टेबल, खुंट्या चार, आणि खिडकीतून मागची दरी सरळ दिसते. दरीच्या पलीकडे नुसतं जंगल. एका माणसाला याहून जास्त काय लागतं?

दुकान मावशींचं. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्या एकट्या हे रायफल दुरुस्तीचं दुकान चालवतात. चष्मा कपाळावर चढवून ठेवतात आणि दिवसभर तोच शोधत फिरतात. मी आल्या आल्या त्यांनी आधी माझे हात बघितले. नखं काळी आहेत म्हणजे काम करत असणार, बसा, चहा घ्या, असं म्हणाल्या. झाली मुलाखत.

दुसरे सुतारकाका. रायफलींचे लाकडी दस्ते बनवतात. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावरून तळवा फिरवला, बोटांनी दाबून पाहिलं आणि खांदा धक्का सोसेल असा निर्वाळा दिला. माझं लग्न काही जमलं नाही, पण जमलं असतं तरी मुलीकडच्यांनी मला एवढं निरखलं नसतं.

रोजच्या कामाची रोज नोंद ठेवायची ही माझ्या उस्तादांनी लावलेली सवय. वीस वर्षं मोडली नाही. जुनी वही संपली, म्हणून ही नवी.

४ ऑक्टोबर, बुधवार

काम झकास. शिकारीचा हंगाम एक नोव्हेंबरला उघडतो, त्यामुळे भिंतीला टेकून सव्वीस रायफली उभ्या आहेत आणि प्रत्येकीला काही ना काही दुखणं आहे.

सगळ्या बोल्टच्या. बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीमागचा पोलादी दांडा. हँडल वर करायचं, दांडा मागे ओढायचा, काडतूस ठेवून पुढे ढकलायचा, हँडल खाली दाबायचं. वर, मागे, पुढे, खाली. मग तो दांडा काडतुसाला पाठीमागून घट्ट धरून बसतो. हँडल खाली गेलं की माणूस आणि स्फोट यांच्यात तेवढंच एक पोलाद असतं.

तो किती घट्ट धरतो हे बघायला मावशींकडे पोलादाची दोन खोटी काडतुसं आहेत, दिसायला जुळी. एकाला त्या 'हो' म्हणतात, दुसऱ्याला 'नाही'. 'नाही' केसभर लांब. 'हो' घातलं तर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि 'नाही' घातलं तर बंद होता कामा नये. 'नाही'वरही बंद झाला, तर मागे जागा सुटली आहे. तिथे काडतुसाची पितळी पुंगळी फाटते आणि पेटलेला वायू नळीतून पुढे जायचा तो मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. मॅग्नम काडतुसाच्या बाबतीत तर विचारायलाच नको. ते काडतुसांतलं पैलवान. जास्त दारू, जास्त जोर, आणि बुडाशी पितळेचं जाड कडं. फाटलं की त्या कड्यापाशीच फाटतं.

आणि या दुकानाचा एक नियम आहे, दारावर खडूने लिहिलेला. पहिली गोळी मिस्त्रीची. ज्याने रायफल जोडली त्यानेच, स्वतःच्या खांद्याला लावून, मालकाच्या देखत पहिली गोळी झाडायची. दर शनिवारी दुपारी, मागच्या दरीत. मी म्हणालो, आमच्याकडे रायफल शिकंज्यात अडकवून दोरीने चाप ओढायचे. मावशी हसल्या. दोरीला तोंड नसतं, म्हणाल्या, म्हणून मिस्त्री निष्काळजी होतो.

मी पण हसलो. आमच्याकडे तर कधीकधी दोरीसुद्धा ओढत नसू.

७ ऑक्टोबर, शनिवार

आज चार रायफली झाडल्या. चारही सरळ. सुतारकाकांनी टाळ्या वाजवल्या. माझा डावा कान या धंद्यानेच कधीचा गेलाय, आत ठार शांतता. मावशी नेमक्या त्याच बाजूने बोलतात आणि मग मी लक्ष देत नाही म्हणून चिडतात.

संध्याकाळी दुकानाच्या फोनवर भावजयीचा फोन. धाकट्या भावाची कोर्टाची तारीख पडली, तीस ऑक्टोबर, सोमवार. लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

आमच्या गावात एक लाकूडवाले आहेत. वखारीचे मालक, दिलदार माणूस. त्यांनी मुलीच्या लग्नानंतर दोन सारख्या मॅग्नम रायफली घेतल्या, एक स्वतःला, एक जावयाला. मार्चमध्ये दोन्ही माझ्याकडे सफाईला आल्या. काडतुसं धाकट्याने भरून दिली, तो घरी हाताने काडतुसं भरायचा. आठ दिवसांनी जावयाने रायफल झाडली आणि पुंगळी फुटली. जावई जागीच गेला. लग्नाला वर्ष नव्हतं झालं.

चौकशीला तज्ज्ञ हवा होता. गावात रायफलींचा मिस्त्री एकच. मी रिपोर्ट लिहिला: रायफल निर्दोष, काडतुसात दारू जास्त. खाली माझी सही, ती वेलांटीदार, आईला जिचं फार कौतुक. धाकटा तेव्हापासून आत आहे. आई म्हणते, तो पहिल्यापासून धांदरट, तू म्हणून घर सांभाळलंस.

जे होतं ते मी लिहिलं. झालं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पार्सलने एक रायफल आली. मावशींनी चिठ्ठी वाचून दाखवली. बोल्ट बंद करताना फार जड जातो, हंगामाआधी बघून द्या, आमच्या गावात आता मिस्त्रीच उरला नाही. सोबत वीस काडतुसांची एक डबी.

मी फडकं सोडलं आणि दस्त्यावरचा ओरखडा ओळखला. वखारीच्या फाटकाला घासून पडलेला.

लाकूडवाल्यांची रायफल.

गावात मिस्त्री उरला नाही, कारण तो इथे येऊन बसलाय. हे मला आधी सुचायला हवं होतं. मावशींना म्हणालो, ही सुतारकाकांच्या ओळखीतल्या दुसऱ्या कोणाला द्या, माझ्याकडे काम फार आहे. मावशी म्हणाल्या, जड बोल्ट तुमच्याइतका कोणाला कळतो? आणि चष्मा शोधायला निघून गेल्या.

'हो' घालून पाहिलं. बोल्ट अर्ध्यावर अडला. जड जाणारच. तो या रायफलीचा बोल्ट नाहीच. त्याच्या बुडावर नंबर आहे, तो जावयाच्या रायफलीचा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिलेलं वाचलं. पान फाडणार होतो. फाडलं नाही. निदान एका वहीशी तरी खरं बोलावं.

जुनी वही संपली नव्हती. मी ती जाळली. तिच्यात मार्चच्या त्या दिवसाची नोंद होती.

आज मावशी बाजारात गेल्या तेव्हा बोल्टवरचा नंबर बारीक कानशीने घासून काढला आणि तिथे लाकूडवाल्यांच्या रायफलीचा नंबर कोरला. सोमवारी बोल्टला पुढून थोडं घासलं की 'हो'वर बसेल. रायफल खरोखरच ठीक होईल. कोणाचं काही नुकसान नाही. उलट फायदाच आहे, म्हाताऱ्याला नीट रायफल मिळेल. कोरीव काम सुबक झालंय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दरीत दोन रायफली झाडल्या. दुसरी झाडायला खांद्याला लावली तेव्हा डाव्या कानात आवाज आला. हँडल वर केल्याचा. टक्.

डाव्या कानात. ज्यात अकरा वर्षांत काही ऐकू आलेलं नाही.

वळून पाहिलं तर त्या बाजूला कोणी नव्हतं. मावशी आणि मालक उजवीकडे उभे. गोळी निशाणाच्या वीतभर बाहेर गेली. सुतारकाका म्हणाले, खांदा नाही, मान हलली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

बोल्ट घासायला घेतला. बुडावर जावयाचा नंबर आहे.

मी स्वतः खरवडून काढला होता. लोखंडाचा कीस अजून टेबलाच्या फटीत आहे, बोटाला लागला. तरी नंबर जसाच्या तसा, जुना, कडा झिजलेल्या.

मावशींना दाखवला, सहज विचारल्यासारखं, की हा आकडा नीट दिसतो का. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मी कोरलेला नंबर वाचून दाखवला. म्हणाल्या, रायफलीचाच आहे की. मिस्त्री, डोळे तपासून घ्या, एक कान गेलाच आहे.

दुसरं असं, की घासायच्या आधी सवयीने 'हो' घालून पाहिलं. गुरुवारी अर्ध्यावर अडणारा बोल्ट आज बसला. मी त्याला कानस लावलेली नाही. लोखंड वाढत नाही आणि आपणहून झिजतही नाही. वीस वर्षांत मी एवढं तरी शिकलोय.

१८ ऑक्टोबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आज 'नाही' घालून पाहिलं. पाहू नये असं वाटत होतं, तरी पाहिलं. हँडल निम्मं खाली गेलं.

डाव्या कानात परत तो आवाज. आज दोन. वर, आणि मागे. दांडा सावकाश मागे ओढल्यासारखा, तेल कमी पडलेल्या बोल्टचा. बाहेर सुतारकाका रंधा मारत होते, तो मला उजव्या कानाने ऐकू येत होता. म्हणजे भास नाही. म्हणजे दोन्ही कानांत दोन वेगळी दुकानं चालू आहेत.

मावशींच्या हातात मात्र तोच बोल्ट 'नाही'वर अडतो. त्यांनी तीनदा करून दाखवलं. शाबासकी दिली वर.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

भावजयीचा फोन. रडत नव्हती, तेच जास्त वाईट. धाकट्याने ठरवलंय की सोमवारी, तीस तारखेला, गुन्हा कबूल करायचा. सात वर्षं तरी होतील. तिने त्याला विचारलं, अहो, तुम्ही तर एकेक काडतूस तोलून भरत होतात, मी समोर दिवा धरून बसले होते. तर तो म्हणाला, दादाने लिहिलंय ना, मग माझंच काही चुकलं असेल. दादा खोटं लिहिणार नाही.

मी फोन डाव्या कानाला लावला. थोडा वेळ तरी काही ऐकायला नको म्हणून. तिथे हँडल वर झालं, दांडा मागे गेला. मी फोन झटक्यात उजवीकडे आणला.

ती सांगत होती, वकील म्हणाले की रिपोर्टाविरुद्ध कोणाला काही सांगायचं असेल तर लेखी हवं आणि खाली सही हवी. बिनसहीच्या कागदाला कोर्टात कोणी विचारत नाही. माझ्या ओळखीत असा कोणी मिस्त्री आहे का, जो दुसरा रिपोर्ट देईल, असं तिने विचारलं.

बघतो, म्हणालो.

फोन ठेवल्यावर कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या. मग माझा परवाना, माझे हात, तुरुंगातली कोठडी आणि आईचं तोंड, सगळं एकदम समोर आलं. कागद शेगडीत घातला. मी भित्रा आहे. लहानपणी धाकटाच माझ्या वाटचा मार खायचा.

२३ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी आजारी आहे असं सांगून पडून राहिलो. मावशींनी सूप पाठवलं. त्यांच्या या मायेची मला आता भीती वाटते.

आज त्यांनी ती पार्सलमधली डबी उघडली. हाताने भरलेली काडतुसं परक्या माणसाची असतील तर त्या आधी तपासतात. तीन काडतुसं उघडली, दारू नाजूक काट्यावर तोलली. तिन्हींचं वजन एक. एका कणाचाही फरक नाही. मग ती परत भरून ठेवली आणि डबीच्या झाकणावरची बारीक अक्षरातली नोंद मला वाचायला दिली. तारीख, वजन, आणि वीस काडतुसांसमोर वीस खुणा.

धाकट्याचं अक्षर. मार्चच्या त्याच दिवशीचं. जावयाला दिलेली डबी हिचीच जुळी होती.

मावशी म्हणाल्या, ज्याने ही भरली त्याचा हात सोन्याचा आहे, भेटला तर दुकानात घेऊन येईन.

अक्षर दिसू नये म्हणून मी डबी पालथी ठेवली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

'नाही' घातलं. बोल्ट पूर्ण बंद झाला. बोटाने. लोण्यात सुरी जावी तसा.

कानात आता तीन. वर. मागे. पुढे. चौथा येत नाही. दिवसभर चौथ्याची वाट बघण्यात गेला.

२५ ऑक्टोबर, बुधवार

पळून जायचं ठरवलं. सकाळी मावशी अंघोळीला गेल्या तेव्हा नुसता कोट घालून निघालो. ट्रंक तिथेच सोडली. बसथांब्यावर पोचलो, बस उभी होती, कंडक्टरने कुठलं तिकीट म्हणून विचारलं, मी सुट्ट्यांसाठी खिशात हात घातला —

खिशात बोल्ट. फडक्यात गुंडाळलेला. गरम. नुकत्याच झाडलेल्या रायफलीचा असतो तसा गरम.

कंडक्टर बघत होता. मी खाली उतरलो.

रायफलीचा बोल्ट घेऊन पळालो तर दोन तासांत पकडतील. रस्त्यात फेकला तर — फेकला होता मी. पुलावरून नदीत. डुबुक् झालेला ऐकला, उजव्या कानाने. दुकानात परत आलो तर टेबलावर ओला पडलेला.

सुतारकाकांनी विचारलं, मिस्त्री, पाणी का सांडलंय एवढं?

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

लाकूडवाले आले. स्वतः.

मला बघून थबकले. मग दोन्ही हातांनी माझा हात धरला. माझं धाबं दणाणलं, मला वाटलं, कळलं यांना. तसं नव्हतं. म्हणाले, तुम्ही इथे आहात होय, बरं झालं, आता काळजी नाही. तुम्ही सख्ख्या भावाला पाठीशी न घालता खरं लिहिलंत. माझ्या मुलीला निदान कोणाला शिव्या द्यायच्या ते तरी कळलं.

किती वाळलेत. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर.

त्यांना ही रायफल नीट करून विकायची आहे. घरात नको झाली. मुलगी माहेरीच असते आता. तिला भास होतात म्हणाले. रायफल भिंतीवर टांगलेली असायची आणि ती सांगायची, बाबा, बोल्ट वाजतोय. वर, मागे, पुढे. चौथा कधी वाजत नाही म्हणून रडायची.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, उद्या दुपारी बाराला. पहिली गोळी मिस्त्रीची. ह्यांच्याच डबीतलं काडतूस घेऊ.

मी मान डोलावली. का डोलावली?

२८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी आठ

नाही म्हणायला गेलो. मावशी, मला ही झाडता येणार नाही. का, म्हणाल्या. बोल्ट सैल आहे. त्यांनी 'नाही' घातलं. अडला. सुतारकाकांनी करून पाहिलं. अडला. माझ्याकडे दिला. मी हँडलला हात लावला आणि —

हात मागे घेतला. त्यांना काय दिसलं असतं? माझ्या तोंडाकडे बघत होते सगळे. मावशी हळूच म्हणाल्या, मिस्त्री, काय आहे ते सांगून टाका.

सांगणार होतो. लाकूडवाले तिथेच होते. नाही सांगता आलं.

सकाळी दहा

झाडली नाही तर कारण सांगावं लागेल. झाडली तर — जावयाचा चेहरा मी पाहिलेला आहे. तपासणीसाठी बोलावलं होतं ना. तज्ज्ञ म्हणून.

साडेअकरा. दरीत

पुढे आलोय. एकटाच. मावशी लाकूडवाल्यांना हाताला धरून पायवाटेने आणतायत, त्यांना चालवत नाही. सुतारकाका निशाण लावायला दरीच्या त्या टोकाला गेलेत. दहा मिनिटं आहेत.

रायफल समोर टेबलावर. नळी दरीकडे, माझ्यापासून लांब, शिकवलं तसं. मी मागे बसलोय. काडतूस घातलेलं नाही. बोल्ट पूर्ण मागे ओढून ठेवलाय. डबी बाजूला, बंद.

आता मन शांत आहे. ठरलंय. झाडायची नाही. ते आले की वही मावशींच्या हातात देणार. त्याआधी लिहून काढतो, वकिलाला चालेल असं.

मी खाली सही करणारा, रायफलींचा मिस्त्री, लिहून देतो की मार्च महिन्यात लाकूडवाल्यांची आणि त्यांच्या जावयाची अशा दोन रायफली मी एकाच दिवशी साफ केल्या. दोन्ही बोल्ट एकाच थाळीत, एकाच रॉकेलमध्ये टाकले. असं कधी करायचं नसतं. घाई होती म्हणून केलं. जोडताना नंबर पाहिले नाहीत. माप घेतलं नाही. झाडून पाहिली नाही. सासऱ्याचा बोल्ट जावयाच्या रायफलीत गेला, तो सैल बसला, म्हणून पुंगळी फाटली. हे मला त्याच दिवशी, फुटलेली रायफल हातात घेतल्यावर कळलं. मी बोल्टवरचा नंबर घासून काढला आणि दोष काडतुसावर टाकला. काडतुसात काहीही खोट नव्हती. माझा भाऊ निर्दोष आहे. तो

टक्.

आत्ता. डाव्या कानात. वर.

लिहितो. तो निर्दोष आहे, त्याला सोडावं, शिक्षा मला व्हावी. जावयाचा बोल्ट अजून या रायफलीत आहे, बुडावरचा नंबर मी दुसऱ्यांदा

मागे. टेबलावरचा बोल्ट आधीच मागे आहे. मी बघतोय त्याच्याकडे. हलला नाही.

मावशींचा आवाज येतोय पायवाटेवरून. आलेच. देवा, आलेच ते.

डबी उघडून पाहिली. एकोणीस.

एकोणीस. मी मोजून वीस —

उठता येत नाही. नळी लांब आहे माझ्यापासून. नळी दरीकडे आहे. म्हणजे मला काही — पण यात भीती नळीची नाहीच ना. मी मागे बसलोय. बोल्टच्या बरोबर मागे.

पुढे. या वेळी दोन्ही कानांत. आणि डोळ्यांसमोर. दांडा आपणहून सरकतोय, आत पितळ चमकलं.

सही. आधी सही. बिनसहीचं कोणी विचारत नाही. धाकट्या, थांब हं, करतो, पेन नीट धरता येत नाहीये, वेलांटी राहू दे, नुसतं नाव

वरचं सर्व मी वाचलं, खरं आहे, खाली सही —

हँडल खा